चौदा पैलवान आणि चार इंच

"छत कापा म्हणतो मी! आरी आणलीय, सुतार आणलाय!"

"माझ्या बोटीला आरी लावाल, तर आधी मला कापा साहेब."

"तुमची बोट? मालोजीराव, सरदारांची होती, आता मध्यभारत सरकारची झाली."

"मालकी सरकारची. सांभाळली कोणी? एकोणीस वर्षं मी."

ओव्हरसियर शरदचंद्र घाटाच्या पायऱ्यांवर टेप नाचवत होता. बोट ग्वाल्हेरला धाडायची, ट्रक पुलापलीकडे उभा. इकडचा घाट असा उभा, की इथून ती वर काढणं अशक्य. आणि पुलाची कमान बोटीच्या छतापेक्षा चार इंच खाली!

"पाणी चार इंच उतरायला दिवाळी उजाडेल," शरदचंद्र म्हणाला. "इथे काय तुमचा भडोचचा समुद्र आहे, ओहोटी यायला?"

मालोजी फणसे नुसते हसले. तरुणपणी सरदारांनी त्यांना दोन वर्षं भडोचला, नर्मदेच्या मुखाशी, बोट शिकायला ठेवलं होतं. तिथे पूल बुटका असला की ओहोटीची वाट बघायची. परतल्यावर बोटीचं सागवानी छत त्यांनी स्वतःच्या हातानं बसवलं. शिसवी पट्टी, एक खिळा वर दिसेल तर शपथ.

"तासभर द्या साहेब. नाही जमलं, तर आरी मीच धरीन."

तासाभरानं ते आले ते मागे चौदा पैलवान घेऊन. पुढे जयसिंगराव उस्ताद, कानांची पार भजी झालेली.

"हे कशाला?" शरदचंद्र चक्रावला. "ढकलायला?"

"बसायला."

"अरे भिया, आपल्याला तैरना नाही येत हां!" एक पठ्ठा कुरकुरला.

"तुला तैरायला नाही, वजनाला बोलावलंय. पाणी उतरत नाही ना, मग बोट उतरवू. सगळे खाली, तळाशी. मधोमध. अन् कोणी उठलं, तर माझं छत गेलं समजा."

एकेक पैलवान उतरला तशी बोट खाली खाली बसत गेली. घाटावर गर्दी. पोहेवाला गाडी सोडून आला.

मालोजींनी इंजिन सुरू केलं आणि कमानीच्या तोंडाशी बंदही केलं. अंधार. वटवाघळांचा वास.

"बंद काय केलं? तेज काढा ना, दादा!" उस्तादांचा आवाज फाटला.

"तेज काढली की नाक वर उचलतं तिचं. गप बसा उस्ताद. श्वास पण हळू."

त्यांनी कमानीच्या दगडावर तळहात टेकला आणि इंच इंच करत बोट पुढे सरकवली. वर काहीतरी मऊ घासलं. कोणीतरी "जय बजरंग" पुटपुटलं. मग एकदम ऊन!

पलीकडच्या घाटावर आरोळी उठली. मालोजींनी आधी छत पाहिलं. सागवानावर शेवाळाची बोटभर हिरवी रेघ. बस्स. ओरखडा नाही. पट्टीवरून त्यांनी हात फिरवला, जसा मुलाच्या पाठीवरून फिरवतात.

धापा टाकत पूल ओलांडून शरदचंद्र आला. टेप अजून हातातच.

"चार इंच! मी स्वतः मोजलेत मालोजीराव, दोनदा! माझं चुकलं कुठं, ते तरी सांगा?"

मालोजींनी बोटीची किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली, टोपी झटकून डोक्यावर चढवली आणि पायऱ्या चढून निघून गेले.