दुर्बिणीला अंगडं, टॉर्चला टोपडं

तमाम सोलापूरकरांना, आणि ज्यांचा सोलापूरशी काडीचाही संबंध नाही त्यांनाही, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या शहराच्या एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझ्या थोरल्या वहिनीने रायफलीवरच्या दुर्बिणीला अंगडं आणि त्याच रायफलीच्या नळीखाली बसणाऱ्या टॉर्चला टोपडं शिवलं. देशाच्या संरक्षणाच्या इतिहासात याची नोंद होईल असं दिसत नाही. म्हणून मीच करून ठेवतो आहे.

वहिनीचा धंदा शाळेच्या गणवेशांचा. उन्हाळ्यात तिच्या शेडमध्ये शिंकायलाही सवड नसते. शाळा सुरू झाल्या की काम आटतं आणि तिला दरवर्षी एक नकोसं काम करावं लागतं: बायकांना घरी बसवायचं. कुणी वळसंगहून एसटीने येते, कुणी शहरातल्याच विणकर घरातली, आपसात तेलुगूत खिदळणारी. ‘पुढच्या हंगामाला बोलावते’ हे वाक्य ज्या दिवशी बोलायचं असतं, त्या दिवशी वहिनीचा डबा न उघडताच घरी परत जातो. यंदा तिने ठरवलं होतं, काहीही शिवू, पण हे वाक्य बोलायचं नाही.

अशात फौजी आला. हा मूळचा नातेपुत्याचा, सैन्यातून निवृत्त झालेला हवालदार. आता पुण्यातल्या एका ठेकेदाराकडे आहे. हा ठेकेदार सुरक्षा दलांना लागणाऱ्या कापडी वस्तू पुरवतो. फौजीने पिशवीतून एक दुर्बीण आणि एक आखूड टॉर्च काढून कटिंगच्या टेबलावर ठेवली. शनिवार असल्यामुळे मी चहाला हजर होतोच.

“बंदूक कुटं हाय?” वळसंगच्या काकूंनी विचारलं. या काकू शेडमधल्या सगळ्यात जुन्या.

“बंदूक घेऊन एसटीत बसलो असतो, तर हितं पोचलो असतो का, काकू?”

मग त्याने समजावलं. दुर्बिणीच्या काचेवर धूळ बसते, चरे पडतात. टॉर्च नळीच्या तोंडाशी असतो, त्यामुळे गोळी सुटली की दारूची काजळी थेट त्याच्या काचेवर. खोळ अशी हवी की पाणी-धूळ आत जाता कामा नये, धावताना निघता कामा नये, पण काढायची म्हटली की एका झटक्यात निघावी, तीही आवाज न करता. शिवाय टॉर्च चुकून लागला तरी उजेड बाहेर दिसता कामा नये. नमुना पास झाला तर वर्षभर पुरेल एवढं काम.

वर्षभर म्हटल्यावर सगळी मशीनं एकदम थांबली. ऐकायला.

दुर्बीण आणि टॉर्च एका प्लॅस्टिकच्या पाइपाला बांधून बंदूक तयार झाली. वहिनीने गळ्यातली टेप काढली. “छाती भरलेली, कंबर बारीक, खाली परत घेर,” ती मापं घेत पुटपुटली.

“नवरीच्या मापाची हाय की,” काकू म्हणाल्या. “ब्लाउजवानी टक्स घ्या, ताई.”

टक्स घेतले. पहिली खोळ इतकी देखणी झाली की मला ती स्वतःला घालावीशी वाटली. फौजीने पाइप खांद्याला लावला आणि शेडभर धावून कात्रणांच्या ढिगाऱ्यावर स्वतःला पालथं झोकून दिलं. खोळ निसटली आणि हवेत एक गिरकी घेऊन माझ्या चहात पडली.

वहिनीने ती पिळली आणि उलटी केली. आत चहूबाजूंनी चांगलं दोन बोटं जादा कापड दुमडून, कच्च्या टाक्याने धरून ठेवलेलं होतं. शिंपीकामात याला माया म्हणतात. पोर वाढलं की उसवायची आणि सैल करायची. वहिनीचं नाव झालंय ते या मायेवरच. तिची एक पँट तीन इयत्ता काढते. हाताने आपोआप वाढत्या अंगाचं कापलं होतं.

“ताई,” फौजी धूळ झटकत म्हणाला, “ही दुर्बीण काही सातवीतनं आठवीत जाणार न्हाय. जेवडी हाय तेवडीच रिटायर व्हणार.”

हसून हसून एका बाईच्या दोऱ्याचा गुंता झाला. वहिनी मात्र हसली नाही. मुरलेली सवय मोडायची म्हणजे गंमत नव्हे. कात्री चालली की तिचा हात खुणेच्या बाहेर जायचाच. शेवटी तिने काकूंना शेजारी उभं केलं आणि सांगितलं, हात बाहेर गेला की चिमटा काढा. काकूंनी हे काम फारच मनापासून केलं.

दुसऱ्या खोळीला चिकटपट्टी होती, शाळेच्या बुटांना असते तशी. फौजीने ती ओढली. चर्रर्र. “एवडा आवाज केला तर समोरचाच विचारायला यील, काय फाटलं म्हणून.” चिकटपट्टी गेली. मग वहिनीने आतून पोहण्याच्या पोशाखाचं ताणलं जाणारं कापड घेतलं, बाहेरून रेनकोटचं, कडेला इलॅस्टिक आणि पुढे बोट अडकवण्यापुरता एक बंद. टॉर्चच्या टोपड्यात उजेड सुईच्या भोकांतून झिरपत होता, नक्षत्रांसारखा. तेव्हा तिने सगळी शिवण मागे वळवून वर काळ्या कापडाची घडी बसवली. मी त्यावरून बोट फिरवत राहिलो. शिवण हाताला लागेना. आमच्या वहिनीला मी इतकी वर्षं पोळ्यांसाठी वाखाणत आलो. किती चुकीच्या ठिकाणी कौतुक केलं, तेव्हा कळलं.

तपासायला पुण्याहून ठेकेदाराचे साहेब आले. मशीनं बंद. साहेबांनी खोळीवर तांब्याभर पाणी ओतलं. बाहेर जाऊन मूठभर धूळ आणली, ती आमच्याकडे मुबलक आहे, आणि वरून चोळली. पाइप घेऊन अंधाऱ्या गोदामात गेले, दार लावलं, टॉर्च लावून पाहिला. आम्ही बाहेर दाराच्या फटीला डोळे लावून. मग उजेडात येऊन त्यांनी बंदात बोट घालून ओढलं. खोळ हातात. आवाज ऐकू आला तो फक्त पाइपावरून निथळणाऱ्या पाण्याचा. पांढरा रुमाल काचेवर फिरवला, तो पांढराच राहिला.

साहेब बोलायला लागले. “एकंदरीत पाहता काम समाधानकारक आहे. आमच्या बाजूने सकारात्मक विचार नक्कीच होईल. अर्थात वरिष्ठ पातळीवर सर्व बाबींचा साकल्याने...” असं बराच वेळ. फौजी सावधान स्थितीत उभा. वहिनी हातात कात्री घेऊन त्यांच्या तोंडाकडे बघत होती, होकार नेमका कुठल्या शब्दात आहे ते शोधत.

काम मिळालं, यंदा कुणालाही घरी बसावं लागलं नाही, हे आज मला ठाऊक आहे. त्या घडीला मात्र शेडमध्ये एक न संपणारं वाक्य होतं आणि जीव मुठीत धरून उभ्या असलेल्या बायका. साहेब ‘तथापि’पर्यंत पोचले होते, तेवढ्यात मागच्या मशीनवरून काकू बोलून गेल्या:

“सायेब, ते समदं ऱ्हाऊ द्या. उद्या डबा घिऊन यायचं का न्हाय, तेवडं सांगा की.”