आईला आज खोटं सांगितलं

मंडळी, आज सकाळी मी जर्मनीची पोस्ट-डॉक फेलोशिप नाकारली. शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप कसे देतात, त्याचं गणित संगणकावर मांडायचं काम होतं. पीएचडीपासून मी याचीच वाट बघत होते.

पण आईला अर्धांगवायू झालाय आणि धर्माबादच्या घरात आम्ही दोघीच आहोत.

दुपारी भरवताना तिनं अडखळत विचारलं, "तुझ्या जर्मनीचं काय झालं गं?"

"न्हाई झालं, आई. दुसऱ्या कुणाला तरी घेतलं."

तिनं धड असलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला. "रडू नको. लई हुशार हायस तू. त्यांनाच कळलं न्हाई."

खरं कळलं असतं, तर तिनं मला जायलाच लावलं असतं. तुम्ही काय सांगितलं असतं?