मिठीला सहा माणसं कमी

मेव्हिस टकवेलने नेदर कोम्ब गावच्या चर्चची झाडलोट एकतीस वर्षं केली, आणि एवढ्या वर्षांत तिला कोणी काही विचारलं असेल तर इतकंच, की बादली कुठे ठेवलीय. दगडांबद्दल बोलायचं ते सिरिल ऑडली मास्तरांनी. चर्चच्या इतिहासाची पुस्तिका त्यांनीच लिहिलेली. आठशे वर्षांपूर्वीचा पहिला दगड जणू आपल्यादेखत बसवला, अशा थाटात ते बोलत. मेव्हिसला हसू फुटायचं, मग ती खाली वाकून फरशी पुसत बसायची.

सप्टेंबरात मिठीचा रविवार येई. गावाने हातात हात घालून चर्चभोवती कडं करायचं, गाणं म्हणायचं आणि मग मनुकांच्या केकवर तुटून पडायचं. मेव्हिसचा या दिवसावर भारी जीव. तिची आई त्या कड्यात उभी राहिलेली, आईची आईसुद्धा. पण पूर्वजांनी लोकरीच्या व्यापारातल्या पैशावर चर्च वाढवून ठेवलं ऐसपैस आणि गाव उरलं मूठभर. सलग दोन वर्षं कडं अर्धवट राहिलं होतं. यंदाही तसंच झालं तर प्रथा बंद, असं पाद्रीसाहेबांनी सांगून टाकलं होतं.

त्या रविवारी धरून-बांधून एकसष्ट माणसं जमली. लागत होती सदुसष्ट. मफलर धरून चालत नाही, हाताला हातच लागला पाहिजे. मास्तरांनी सगळ्यांना ताणून ताणून उभं केलं, दोघांना खांदे धरून ओढलं, तरी उत्तरेला खिंडार ते खिंडारच. पाद्रीसाहेबांनी सुस्कारा सोडून हात खाली घेतले.

मेव्हिस चिडली. रांग सोडून तरातरा पुढे गेली आणि म्हणाली, उत्तरेची ओवरी सोडून द्या. ती मागाहून जोडलेली आहे, मूळ चर्च तिच्या आतल्या खांबांपाशीच संपतं.

"पुस्तिकेत तसं काही नाही," मास्तर म्हणाले.

"मग पुस्तिकेला लावा जळमटं काढायला," असं म्हणून तिने मास्तरांना आणि पाद्रीसाहेबांना आत नेलं. ओवरीच्या खांबांवरच्या उंच भिंतीत दगडी तोंडांची एक रांग होती. कोणी जीभ काढलेली, कोणी गाल फुगवलेले.

"वर्षातून दोनदा यांची तोंडं पुसते मी, मास्तर. पावसात झिजावीत तशी नाकं झिजलीत. छपराखाली पाऊस कुठून आला? ही जुनी वळचण आहे. वळचण कोणी घरात बांधतं का?"

मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. पाद्रीसाहेब मात्र खो-खो हसत सुटले.

ओवरीला दोन्ही टोकांना दारं होतीच. कडं एका दारातून आत शिरलं, खांबांना खेटून पुढे सरकलं आणि दुसऱ्या दारातून बाहेर पडलं. बाहेरचा वळसा वाचला.

"मी कुठे उभा राहू?" मास्तरांनी विचारलं. असं त्यांनी आजवर कोणालाच विचारलं नव्हतं. मेव्हिसने त्यांना आपल्या उजव्या हाताला उभं केलं.

पण आतल्यांना बाहेरचं दिसेना. कडं मिळालं की नाही, कळायचं कसं? मेव्हिसने डाव्या हाताच्या बेकरीवाल्याचा हात दाबला आणि पुढे पाठव म्हणाली. तो दाब दारातून बाहेर गेला. ती थांबली. थोडा वेळ गेला, आणखी थोडा गेला, आणि तिची आशा सुटत चालली.

तेवढ्यात मास्तरांनी तिचा हात करकचून दाबला.

"आला," ते म्हणाले, आणि त्यांनी हात काही सोडला नाही. बाहेर पाद्रीसाहेबांनी गाणं उचललं. मेव्हिस रडत रडत, पार बेसूर, सगळ्यांच्या वर आवाज चढवून गायली.