वरची आळी मोठी की खालची?

वयाच्या अटीमुळे बँकेच्या परीक्षेची माझी ही शेवटची संधी होती. नापास झालो, तर मामा मला न्हावा शेव्याला कंटेनर मोजायला नेणार हे ठरलेलंच. आणि माझी गाडी अडायची कुठे? तर लहान-मोठं दाखवणाऱ्या त्या दोन चोचींच्या चिन्हांत! बाकीची गणितं मी अशी फोडायचो की बोर्लीच्या क्लासची कौलं हलायची.

सर फळ्यावर लिहायचे, क हा खपेक्षा मोठा, क हा गपेक्षाही मोठा. मग ख आणि ग यांत मोठा कोण?

"ख!" मी बाकावर उभा राहून ओरडायचो.

"कशावरून?"

"दिसतंयच की सर!"

"अरे बाबा, ठरवता येत नाही, हेच उत्तर आहे."

ठरवता येत नाही! आमच्या गावात असं बोलणाऱ्याला कोणी पाणीसुद्धा विचारणार नाही. शिमग्याला पालखीपुढचा पहिला नारळ गावकराचा, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्याचा, त्यावर वाद नाही. दुसरा खालच्या आळीचा की वरच्या, यावर मात्र समुद्राला पहिली भरती आली तेव्हापासून भांडण चालू आहे. आम्ही खालच्या आळीतले. आमच्यात मूल जन्मलं की रडायच्या आधी वरच्या आळीकडे पाठ करतं.

घरी सरांचं उत्तर सांगितलं, तर वडिलांचा घास हातातच राहिला.

"ठरवता येत न्हाय? तुझा सर वरच्या आळीचा पाव्हणा हाय काय रं?"

"न्हाय बाबा, साताऱ्याचे हायत."

"मग त्याला काय कळतंय! लिव तिकडं काय लिवायचं ते. मनात मात्र धरू नको."

पनवेलच्या सेंटरवर तसलेच प्रश्न ओळीने पुढे आले. माऊस आपोआप 'ख मोठा'कडे धावायचा. मी त्याला दोन्ही हातांनी ओढून 'ठरवता येत नाही'वर आणायचो, तेव्हा सात पिढ्यांचे पूर्वज खुर्चीमागे उभे राहून माझ्या टाळक्यात टपल्या मारत होते. मारा म्हटलं, पण कंटेनर मोजायला तुम्ही येणार आहात का?

पास झालो. तळा गावातल्या बँकेच्या शाखेत नोकरी लागली. वडिलांनी गावभर पेढे वाटले, अगदी वरच्या आळीतही. तिथल्या एका आजोबांनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "कशाच्या जोरावर निघाला रं पोरगा?"

वडिलांनी माझ्याकडे एकदा रोखून पाहिलं.

"इंग्लिशच्या," ते म्हणाले. "लय पक्कं हाय त्याचं."