रविवारी गेलेली जत्रा

थळच्या बाजूला आमचं गाव. देवीची जत्रा चैत्री पुनवेला भरायची, मग वार कोणताही असो. पावसाळ्याच्या बेगमीचा सुक्या मासळीचा बाजार तिथेच व्हायचा. वरच्या गावांतली शेतकरी माणसं तांदूळ घेऊन उतरायची आणि आमच्या बायका बोंबील, सोडे, सुकट मांडून बसायच्या. त्या एका दिवसावर आमची कौलं शाकारली जायची, शाळेची पुस्तकं यायची. कासारसुद्धा त्या दिवसाकडे डोळे लावून असायचा.

आईची भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, ठरलेली होती. वरच्या गावची एक शेतकरीण यायची. तिच्याआधी कोणी कितीही घाई केली तरी आई टोपलीवरचं फडकं काढायची नाही. ती आली की दोघी आधी भांडायच्या.

"औंदा बोंबील बारीक हायत."

"आनि तुज्या तांदळात खडं न्हायत?"

मग तांदळाच्या बदल्यात बोंबील जायचे आणि दोघी पान चघळत दुपारपर्यंत बसायच्या. आईला इतकं हसताना मी घरात कधी पाहिलं नाही. ते हसू मला अजून हवं आहे.

पुढे गावकीने जत्रा रविवारी आणली. आता रो-रो बोटीने मुंबईच्या गाड्या येतात, आकाशपाळणे लागतात. गावात पैसा आला, हे मी नाकारत नाही; माझ्या भावाचं आइस्क्रीमचं दुकान त्यावरच उभं राहिलं. फलक लावले ते जेट्टीवर. वरच्या गावांना कळवायचं मात्र एकाही शहाण्याला सुचलं नाही.

त्या पहिल्या रविवारी आई फडकं न काढता बसून राहिली. ऊन कललं तेव्हा मीच म्हटलं, "आता काढ." तिने काढलं.

पुनव त्याच आठवड्यात होती. पुनवेच्या संध्याकाळी देवळातली गुरवीण सांगत आली, "एक बाई तांदूळ घेऊन आलेली. रिकाम्या मैदानात बसलेली दिसभर. आताच गेली."

आई एसटीच्या थांब्यापर्यंत धावली. गाडी निघून गेली होती.

"कुठल्या गावची ती?" मी विचारलं.

"पुनवंला भेटायचोच की आमी. नाव-गाव कशाला इचारू?"

ती पुन्हा आली नाही. आई हल्ली फारशी बोलत नाही, म्हणून यंदा मीच वरच्या गावांत शोधायला गेले. तांदूळ घेऊन जत्रेला येणारी बाई, एवढंच मला सांगता येत होतं. जवळजवळ प्रत्येक घरातून एक म्हातारी पुढे आली आणि तिने मलाच विचारलं, "जत्रा भरते अजून?"