कमी शब्दांचे मावसाजी

आमच्या मावसाजींइतका कमी शब्दांत जास्त माणसं दुखावणारा गृहस्थ साऱ्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. आणि नेमक्या ह्याच माणसाला खामगावच्या एका जिनिंग कारखान्याने लोकांशी गोडीगुलाबीने कसं बोलावं हे सांगायला नेमलं होतं. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मावसाजी ज्यात वार्ताहर होते ते साप्ताहिक नुकतंच बंद पडलं होतं, आणि कारखान्याचे शेठ मुंबईहून ऐकून आले होते की मोठ्या धंद्याला जनसंपर्क सल्लागार लागतो. मावसाजींनी पहिल्याच दिवशी शेठजींच्या पत्रातला ‘कृपाभिलाषी’ लाल पेन्सिलीने खोडला. ही पेन्सिल घरीही स्वस्थ नसे. माझ्या ताईच्या लग्नपत्रिकेतल्या शोभा वाढवण्याच्या सगळ्या ओळी काढून त्यांनी लिहिलं, ‘वेळेवर या. जेवण बारा वाजता.’ मुहूर्त साडेदहाचा होता. जानेफळची सगळी पाहुणेमंडळी बरोबर बाराला आली. मावशी आठवडाभर धुसफुसत होती; मावसाजी म्हणाले, “पत्रिका त साऱ्याईनं वाचली ना?”

त्याच वर्षीच्या कापसाच्या हंगामात कारखान्यात पिंपळगाव राजाच्या गिरजाबाईचा हात रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, सापडला. दोन बोटं गेली. शेठजींनी मावसाजींना बोलावून सांगितलं, “लिहा, बाईच्या हलगर्जीनं किरकोळ दुखापत झाली.” मावसाजी दवाखान्यात गेले, दुपारभर गिरजाबाईजवळ बसले, मग कारखान्यात येऊन रेचे पाहिले आणि चार ओळी लिहून आणल्या: ‘रेच्याची संरक्षक जाळी काढून ठेवली होती. चूक कारखान्याची आहे. गिरजाबाईंची दोन बोटं गेली. जाळ्या बसेपर्यंत काम बंद.’

शेठजींनी कागद वाचून खाली ठेवला. “तुमी माहे सल्लागार हाये का तिचे?”

“तुमचाच. म्हनून सांगून राह्यलो. साऱ्या खामगावले मालूम हाये. तुमीच एकटे मालूम नसल्यावानी बसले.”

शेठजींनी त्यांना घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावसाजी इस्त्रीचा कोट घालून, तो कागद घेऊन फाटकाशी उभे. तिसऱ्या दिवशीही. मावशीने विचारलं, “काऊन जाता? हाकलून देल्लं ना तुमाले?” ते म्हणाले, “सल्ला देऊन झाला नाही अजून.” चौथ्या दिवशी गिरजाबाईची जाऊ फाटकात त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. “शेठनं साऱ्याईसमोर कागद वाचला त आमी कामावर बसू,” ती म्हणाली, आणि बाकीच्या बायाही तिथेच बसल्या. आत कापसाचे ढीग तसेच पडून होते.

दुपारी शेठजी ओट्यावर आले आणि कागद मोठ्याने वाचू लागले. ‘चूक’ या शब्दापाशी ते थांबले. खालून मावसाजी शांतपणे म्हणाले, “थांबू नका. पुढं वाचा.” शेठजींनी शेवटपर्यंत वाचलं. आठवड्यात जाळ्या बसल्या, गिरजाबाईला वजनकाट्यावर काम मिळालं आणि पुढच्या हंगामात मावसाजींना बोलावणं आलं नाही. त्यानंतर ते जमेल त्याला सल्ला देत राहिले. शेगावच्या एका लॉजवाल्याला त्यांनी ‘खोल्या लहान, पण स्वच्छ’ अशी पाटी लावायला लावली. त्याने दुसऱ्या दिवशी ‘लहान’वर चुना फासला.

त्यांच्या म्हातारपणी एकदा मी त्यांना विचारलं, शेठजींनी कागद वाचला तो दिवस आठवला की जिंकल्यासारखं वाटतं का?

“पेपरात असतानी मी लोकाईच्या चुका लई छापल्या,” ते म्हणाले, “पन चूक कबूल करतानी मानूस कसा दिसते, हे पाह्यलं नव्हतं. साऱ्या बाया कामावर गेल्या, न् शेठ ओट्यावर तसाच उभा. कोनी त्याच्याजवळ जाईना. मंग मीच वरती गेलो, त्याले पानी देल्लं. दोघंही बसलो उलीसक वेळ.”