यादीतलं दुसरं नाव

तो माणूस मला पहिल्यापासून आवडत नव्हता, आणि त्यालाही मी आवडत नव्हते. वाळूजच्या एका कंपनीत तो माझा सीनियर होता. मी देवगाव रंगारीच्या शेतकऱ्याची मुलगी. मीटिंगमध्ये मी 'इथं' म्हणाले की तो लॅपटॉपवरून मान वर न करता 'इथे' म्हणायचा, आणि बाकीचे हसायचे. सहा वर्षं मी ते ऐकलं. मग ती नोकरी सोडली आणि पडेगावला घरूनच दुसऱ्या कंपनीचं काम करू लागले. वाटलं, सुटले.

पण फावल्या वेळात मी एका प्रोग्रॅमिंगच्या भाषेसाठी काम करत होते. ती ओपन सोर्स, म्हणजे जगभरातले लोक मिळून ती सांभाळतात आणि कुणालाही त्यात येता येतं. तोही आला. वर्षभरात आमच्या शहरातल्या गटाचा प्रमुखही झाला, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. मी तर नव्हतेच.

दर उन्हाळ्यात ही भाषा सांभाळणारी मंडळी विद्यार्थ्यांना तीन-तीन महिन्यांची कामं देतात. त्याआधी कोणकोणती कामं देता येतील याची यादी होते. त्या फेब्रुवारीत आमच्या गटानं तीन कल्पना पाठवायच्या होत्या. रविवारी सकाळी एका कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही तिघं जमलो. तो, मी आणि फुलंब्रीला ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एक मॅडम. त्या बसनं आल्या होत्या, तिघांपुरता डबा घेऊन.

त्यानं फळ्यावर आधी स्वतःच्या दोन कल्पना लिहिल्या. कंपायलरचा वेग दुप्पट करणे. मेमरीची सगळी व्यवस्था नव्याने लिहिणे.

"हे पोरांनी तीन महिन्यांत करायचं?" मी विचारलं. "तुम्हाला दोन वर्षांत जमलं नाय."

खरं सांगायचं तर हे वाक्य मी घरूनच ठरवून आणलं होतं.

"आपली काय कल्पना आहे, मॅडम?" तो माझ्याकडे वळून म्हणाला.

प्रोग्राममध्ये चूक झाली की स्क्रीनवर लाल अक्षरांत इंग्रजी मेसेज येतो. तो मराठीत यावा, एवढीच माझी कल्पना होती. फुलंब्रीच्या मॅडम एकदम सरसावून बसल्या.

"माझ्या पोरी लाल अक्षरं दिसली की हातच मागं घेतात," त्या म्हणाल्या. "एकीनं तर अख्खा प्रोग्राम पुसून टाकला. नुसता एक कंस बंद करायचा राहिला होता."

त्यानं माझी कल्पना फळ्यावर लिहिली आणि खाली नमुनाही लिहिला: 'अनपेक्षित चिन्ह आढळले. विश्लेषण खंडित.' मी उठले, त्याच्या हातातून मार्कर घेतला आणि त्यावर काट मारून लिहिलं: 'बाराव्या ओळीत कंस उघडलाय, बंद केला नाही.'

"ही बोली झाली," तो म्हणाला. "हे जगभर जाणार आहे."

"जगभर मराठी कोण वाचतंय? फुलंब्रीत वाचतील."

"प्रमाण भाषा म्हणून काही असतं की नाही? तुमचं अजून तेच चाललंय. इथं न् तिथं."

माझ्याच हेलात म्हणाला तो. मग मी थांबले नाही. तो दुसऱ्यांच्या कामावर स्वतःचं नाव घालतो, हे मी बोलले. ते खरं होतं. माझ्यामागून त्यानंही ती कंपनी सोडली त्या दिवशी लोकांनी पेढे वाटले, असंही बोलले. ते खोटं होतं. त्याचा चेहरा उतरला. "लिहा तुम्हीच," म्हणाला आणि कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसला. मॅडमनी डबा उघडला, "दोघंही थोडं खाऊन घ्या" म्हणाल्या. कुणी हात लावला नाही.

तिन्ही कल्पना पाठवल्या गेल्या. आठवड्यानं उत्तर आलं. त्याच्या दोन्ही कल्पना विद्यार्थ्यांना झेपणार नाहीत म्हणून नामंजूर झाल्या होत्या. ती ओळ मी तीनदा वाचली. माझी आवडली होती, पण प्रत्येक कामाला दोन मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक लागतात, दोघंही आतला कोड जाणणारे. दुसरं नाव शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

मॅडमनी तोवर या भाषेच्या कोडला हात लावला नव्हता. पुण्यातल्या दोघांना विचारलं, त्यांना वेळ नव्हता. उरला तो. त्याला मी विचारलं नाही. गुरुवारी त्यानं आपण होऊन यादीत नाव घातलं आणि शेजारी लिहिलं: 'मजकुराची भाषा मी तपासेन.'

त्यानं नुसतं 'चालेल' एवढं लिहिलं असतं तरी झालं असतं. शुक्रवारी दुपारी मी त्याचं नाव काढून टाकलं. हा तत्त्वाचा प्रश्न आहे, असं स्वतःला सांगितलं. यादी जाहीर झाली तेव्हा त्यात आमचं काहीच नव्हतं.

सोमवारी मॅडमचा फोन आला. "ताई, आपलं यादीत दिसेना."

"दुसरा मेंटॉर मिळाला नाय."

"सरांनी नाव घातलं होतं की. मी पाहिलं. पोरींना सांगूनसुद्धा बसले. तुम्ही काढलं?"

"व्हय."

"तुम्हा दोघांना माझ्या पोरींशी काही देणंघेणं नव्हतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "भांडायला जागा पाहिजे होती." आणि फोन ठेवला.

कितीतरी दिवस मी त्यांच्यावरही धुमसत होते. यांनी कुठं सहा वर्षं त्याच्या हाताखाली काढली होती? त्यांचं बरोबर होतं, म्हणून तर जास्त झोंबलं.

त्यांनी मला पुन्हा काही विचारलं नाही. त्या वर्षी त्या स्वतःच कोड शिकल्या, लहानसहान दुरुस्त्या पाठवू लागल्या. चांगल्या होत्या. पुढच्या फेब्रुवारीत तीच कल्पना यादीत आली, खाली दोन मेंटॉर: तो आणि त्या. मला कुणी विचारलं नव्हतं. शब्दांवरून त्या दोघांचीही भरपूर जुंपली असं कानावर आलं. माझं 'उघडलाय' गेलं, त्याचं 'विश्लेषण खंडित'ही गेलं. आता कंस राहिला की स्क्रीनवर येतं: 'बाराव्या ओळीतला कंस बंद करा.' आमच्या दोघांच्या वाक्यांपेक्षा ते चांगलं आहे. हे मी इथं लिहिते. त्याच्या तोंडावर म्हणणार नाही.

मागच्या महिन्यात मी ते सगळे मेसेज एकेक करून तपासले. तीन चुका सापडल्या. चूक दिसली की कळवायची, असा आमच्यातला साधा नियम आहे. मी अजून कळवलेल्या नाहीत.